सिक्युरिटी झाली, पण आता जायचंच नाही!

विमानतळावर तपासणी पार केल्यानंतर प्रवास न करता बाहेर कसं पडायचं, याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : सिक्युरिटी चेक करून गेटजवळ बसलं असताना घरून तातडीचा फोन आला आणि प्रवास रद्द करावा लागला, तर आलो त्याच वाटेने परत जाता येतं का?

बाहेर नक्की पडता येतं. कुणी अडवून ठेवत नाही. पण आलो ती वाट एकेरी असते. तपासणीच्या रांगेतून उलट चालू लागलात तर तिथला जवान पहिल्याच पावलाला हटकेल. त्यामुळे दरवाजा शोधत फिरू नका, आधी आपल्या एअरलाइनचा माणूस गाठा. गेटचं काउंटर उघडलं नसेल तर शेजारच्या गेटवर त्याच कंपनीचं कुणी आहे का बघा. त्याला एवढंच सांगा : ‘मला प्रवास करायचा नाही, ऑफलोड करा’, म्हणजे प्रवाशांच्या यादीतून मला उतरवा. कारण थोडक्यात सांगितलं तरी चालतं. घरी आजारपण असेल तर मात्र ते जरूर सांगा, माणसं हलतात.

पुढचं काम विमानतळाच्या रचनेवर ठरतं. अमेरिकेत देशांतर्गत विमानातून उतरणारे आणि चढणारे प्रवासी एकाच दालनात असतात. शेंगेन देशांच्या, म्हणजे आपसात सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या, बऱ्याच विमानतळांवर शेंगेनमधल्या उड्डाणांसाठीही तसंच आहे. तिथे ‘बॅगेज क्लेम’ किंवा ‘एक्झिट’च्या पाट्या धरून चालत गेलं की तुम्ही रस्त्यावर. एअरलाइनला कळवायचं ते फक्त तिकिटासाठी आणि सामानासाठी. जिथे येणारे आणि जाणारे वेगळे ठेवलेले असतात, तिथे सोबत माणूस लागतो. भारतात एअरलाइनचा कर्मचारी तुम्हाला सीआयएसएफच्या (विमानतळाची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय दलाच्या) अधिकाऱ्याकडे नेतो, बोर्डिंग पास रद्द होतो आणि मग बाहेर सोडतात. या सगळ्याला वेळ लागतो तो रांगेमुळे नव्हे. गेटवर दोनच माणसं असतात आणि त्यांच्यासमोर दीडशे प्रवासी चढायचे असतात. म्हणून बोर्डिंग सुरू होण्याआधी सांगितलंत तर काम लवकर होतं. ऐन बोर्डिंगमध्ये सांगितलंत तर विमान सुटेपर्यंत बाकावर बसून राहावं लागण्याची तयारी ठेवा.

प्रश्न : मोठी बॅग चेक-इनला दिली आहे. ती मिळेल की विमानाबरोबर जाईल?

तुम्ही वेळेवर सांगितलंत तर बॅग उतरवतात, आणि त्यात तुमच्यावर उपकार नसतो. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात स्फोट होऊन ३२९ जण गेले. बॉम्ब असलेल्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीचं विमान पडलं, तेव्हाही बॉम्ब बेवारस बॅगेतच होता. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय नियमांचा रोख असा आहे, की प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग तशीच न्यायची नाही. न्यायचीच झाली तर ती मालकाशिवाय जाते आहे हे नोंदवून आणि त्यासाठीची तपासणी करूनच.

बॅग शोधतात ती टॅगवरच्या दहा आकडी नंबरावरून. चेक-इनच्या वेळी बोर्डिंग पासच्या पाठीला चिकटवलेला तो चिटोरा म्हणूनच फाडून टाकू नका. बॅग अजून खाली सॉर्टिंगमध्ये किंवा ट्रॉलीवर असेल तर काम सोपं असतं. मोठ्या विमानात ती कंटेनरमध्ये जाते आणि एका कंटेनरमध्ये तीस-चाळीस बॅगा सहज मावतात. स्कॅनमुळे कंटेनर कळतो, पण तो खाली घेऊन आतल्या बॅगा चाळायच्या तर वीस मिनिटंही जाऊ शकतात. लहान विमानात बॅगा बहुधा सुट्या रचतात. तुम्ही लवकर चेक-इन केलं असेल तर तुमची बॅग थराच्या अगदी तळाशी असण्याची शक्यता जास्त.

उतरवलेली बॅग गेटवर आणून देत नाहीत. ती आगमन कक्षातल्या बेल्टवर किंवा एअरलाइनच्या बॅगेज काउंटरवर येते. कुठे येणार ते गेटवरच विचारून घ्या, कारण एकदा आगमन कक्षाच्या बाहेर पडलात की आत परत यायला पुन्हा परवानगीची यातायात. आणि बॅग गेलीच असेल, तर बाहेर पडण्याआधी त्या काउंटरवर टॅग नंबर देऊन लेखी नोंद करून घ्या.

प्रश्न : इमिग्रेशनचा शिक्का पडून गेला आहे. आता मी कायद्याने देशात की देशाबाहेर?

कागदोपत्री तुम्ही बाहेर गेला आहात, आणि खरी काळजी घ्यायची ती इथेच. परत येताना एअरलाइनचा माणूस तुम्हाला इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यापुढे उभा करतो. अधिकारी निर्गमनाची नोंद रद्द करतो. कुठे आधीच्या शिक्क्यावर रद्दचा दुसरा शिक्का मारतात, कुठे पेनाने रेघा ओढून सही करतात. काउंटर सोडण्याआधी पासपोर्टचं ते पान उघडून बघा. शिक्का तसाच असेल तर तिथेच विचारा. नंतर हे निस्तरणं महिनोन्महिने चालतं. पुढच्या वेळी देश सोडताना संगणक म्हणतो, ‘हा माणूस तर आधीच गेला आहे.’ मग आत कधी आलात याचा पुरावा तुमच्याकडून मागतात.

एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असला, तर नोंद रद्द झाल्यावर तुम्ही देश सोडलाच नाहीत असं धरतात. व्हिसा त्यामुळे वाया जात नाही. मुक्कामाचे दिवस मात्र मोजले जातच राहतात. आज मध्यरात्री मुदत संपत असेल तर ती गोष्ट त्याच अधिकाऱ्याच्या कानावर घाला. शेंगेन देशांमध्ये १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी संगणकीय नोंदीची पद्धत टप्प्याटप्प्याने आणायला सुरुवात झाली. अशा ठिकाणी पासपोर्टात बघायला काहीच नसतं, म्हणून रद्द केलेला बोर्डिंग पास जपून ठेवा. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये देश सोडताना शिक्का मारणारा अधिकारीच बसत नाही, त्यामुळे हा भाग तिथे नाही.

प्रश्न : ड्युटी फ्रीमधून घेतलेल्या बाटल्यांचं काय?

करमाफी मिळाली ती माल देशाबाहेर जाणार म्हणून. तुम्ही जाणार नसाल तर दुकानात परत करा आणि पैसे घ्या. सीलबंद पिशवी फोडू नका, पावती टाकू नका. दुकान मागे राहिलं असेल तर कस्टम्सला आपणहून सांगा. लपवून नेण्याइतकं त्यात काही नसतं.

प्रश्न : सोडायला आलेल्या भावाच्या गाडीची किल्ली माझ्याच खिशात राहिली. एक्झिटच्या दारातून हात पुढे करून देता येईल का?

देऊ नका. कुणाला वाटेल एवढ्याशा गोष्टीला काय होतंय! ३ जानेवारी २०१० रोजी अमेरिकेत नेवार्क विमानतळावर एक माणूस निरोपाचा मुका घ्यायला एक्झिटच्या वाटेने आत शिरला. संपूर्ण टर्मिनल रिकामं करून सगळ्यांची तपासणी पुन्हा करावी लागली आणि टर्मिनल सहाएक तास ठप्प राहिलं. रेषेच्या अलीकडचं ‘स्वच्छ’ आणि पलीकडचं ‘न तपासलेलं’. या दोन्हींचा मिलाफ झाला की यंत्रणेला दुसरा उपाय नसतो. आगीच्या वेळचे दरवाजेही ढकलू नका, त्यांना अलार्म असतो.

देशांतर्गत प्रवास असेल आणि वेळ असेल तर रीतसर बाहेर जा, किल्ली द्या आणि तपासणीच्या रांगेत पुन्हा उभे राहा. जिथे आपणहून बाहेर पडता येतं तिथे तोच बोर्डिंग पास बहुधा चालतो. जिथे ऑफलोड केल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत तिथे हा मार्ग नाही. इमिग्रेशन झालं असेल तर किल्लीपायी विमान सोडण्यापेक्षा भावाला दुसरी किल्ली मागवायला सांगणं स्वस्त.

प्रश्न : तिकिटाचे पैसे?

विमान सुटण्याआधी सांगितलं तर ‘रद्द’, न सांगता निघून गेलात तर ‘नो-शो’. दोन्हींत कापले जाणारे पैसे बहुधा वेगळे असतात. त्याहून मोठा फटका बसतो परतीच्या तिकिटाला. तिकिटाचे टप्पे क्रमाने वापरायचे असतात, पहिला चुकला की पुढचे आपोआप रद्द होतात. दोन दिवसांनी वेगळ्या मार्गाने जाऊन परतीला हेच तिकीट वापरू असा बेत असेल, तर गेटवरच तसं बोलून घ्या. भाडं परत मिळत नसलं तरी करांचं विचारा. भारतात डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) नियमानुसार, प्रवास झाला नाही तर सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यावंच लागतं, मग तिकीट कितीही सवलतीचं असो.

प्रश्न : आईला गेटपर्यंत सोडायचं आहे. परतावा मिळणारं तिकीट काढून आत जावं आणि मग रद्द करून बाहेर यावं, ही युक्ती चालते का?

सिंगापूरमध्ये हा सरळ गुन्हा आहे. प्रवासाचा इरादा नसताना बोर्डिंग पास वापरून आत गेलात तर २०,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. इतरत्र कायदा एवढा कडक नसला, तरी बाहेर येताना कारण सांगावं लागतं आणि ‘सोडायला आलो होतो’ हे कारण ऐकून कुणी खूश होत नाही. आईला मदत लागत असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, कर्मचारी तिला थेट विमानाच्या दारापर्यंत नेतो. अमेरिकेत लहान मुलाला किंवा मदत लागणाऱ्या माणसाला सोडायला एअरलाइन सोबत्यासाठी पास देऊ शकते. काही विमानतळ साध्या पाहुण्यांनाही पास देतात. पिट्सबर्गने तो २०१७ मध्ये सुरू केला. तपासणी मात्र या पासवाल्यांचीही होते.

प्रश्न : विमानात बसलो, दार बंद व्हायचं आहे. आता उतरता येईल?

केबिन क्रूला सांगा, ते वैमानिकाला कळवतात. दार उघडं असेल तर सहसा उतरवतात, विमान हललं असेल तर निर्णय वैमानिकाचा. उतरताना वरच्या कप्प्यातलं आणि सीटखालचं सगळं सामान सोबत घ्या. तुमची आणि शेजारची आसनं तपासली जातात, आणि काही ठिकाणी प्रत्येक प्रवाशाला आपापली हँडबॅग ओळखून दाखवायला सांगतात. एखादी पिशवी बेवारस निघाली तर सगळ्यांचा खोळंबा. विमानाच्या पोटातली, चेक-इनला दिलेली बॅग काढण्याचा वेळ वेगळाच. इतर प्रवाशांच्या नजरा सोसाव्या लागतील, पण छातीत दुखत असेल किंवा धाप लागली असेल तर संकोच करू नका आणि कारण स्पष्ट सांगा. वैद्यकीय कारण असलं की गेटवर डॉक्टरला बोलावतात, आणि मग तुम्हाला बाहेर काढण्याची वाटही वेगळी आणि जवळची असते.