गाडीत वजन वाढलं की घाटात पेट्रोल किती जास्त जातं?

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात वजनाचा फरक कमी जाणवतो. घाटात मात्र प्रत्येक किलो वर उचलावा लागतो.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना चढ सुमारे 1300 मीटर. चार माणसं आणि सामान मिळून 300 किलो धरले, तर तेवढं वजन वर न्यायलाच साधारण अर्धा लिटर पेट्रोल जादा लागतं, कारण इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग कामी लावतं. गाडीचं स्वतःचं वजन वेगळंच.

उतरताना यातलं फारसं परत मिळत नाही, बरंचसं ब्रेक तापवण्यात जातं. म्हणून पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकू नका, कृपा करून! गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की हल्लीच्या गाड्या इंधन जवळपास बंदच करतात.