'सारखं' दिसलं म्हणजे उपमाच, असं कोण म्हणतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की 'दिवा विझला आणि अंधाराने खोलीवर पांघरूण टाकल्यासारखं झालं' या वाक्यात ढळढळीत 'सारखं' आहे, म्हणून अलंकार ओळखताना मुलाने उपमा लिहिलं, उत्तरसूचीत मात्र उत्प्रेक्षा दिलंय, तर चुकलं कोण.

उत्तरसूची बरोबर आहे. पण मुलाला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्याने जसं शिकवलं तसंच केलं. शाळेत अलंकार शिकवतात ते शब्दांच्या यादीवरून, सम, समान, सारखा, परी, वाणी, गत दिसलं की उपमा, आणि जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. पेपरपुरती ही ट्रिक बऱ्यापैकी चालते आणि मग असं एखादं वाक्य आलं की पालथी पडते.

आता ते 'सारखं' कुणाला चिकटलंय ते बघा. समजा वाक्य असं असतं, 'अंधार पांघरुणासारखा जाड होता'. इथे उपमेय, म्हणजे ज्याची तुलना करतोय ते, अंधार, उपमान, म्हणजे ज्याच्याशी करतोय ते, पांघरूण, दोघांत सारखं काय तर जाडपणा, आणि ते सांगणारा शब्द 'सारखा', चारही गोष्टी बोट ठेवून दाखवता येतात, उपमा, विषय संपला. तुमच्या वाक्यात 'सारखं' पांघरुणाला नाही लागलेलं, 'टाकलं' या क्रियेला लागलंय. अंधार पांघरुणासारखा आहे असं ते वाक्य म्हणतच नाही, ते म्हणतंय की अंधाराने काहीतरी केलं. अंधार काय टाकणार हो, त्याला ना हात ना पाय, नुसता दिवा गेलाय. पण लिहिणाऱ्याने तो पसरताना पाहिला आणि कल्पना केली की हा पांघरूण टाकतोय. तुलना नाही, कल्पना आहे. ही उत्प्रेक्षा.

गंमत म्हणजे अगदी हाच वाद संस्कृतात शेकडो वर्षांपूर्वी होऊन गेलाय आणि तोही अंधारावरूनच! 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकात एक ओळ आहे, 'लिम्पतीव तमोऽङ्गानि वर्षतीवाञ्जनं नभः', म्हणजे अंधार जणू अंगांना लेप लावतोय आणि आकाश जणू काजळ बरसतंय. त्यात 'इव', म्हणजे 'सारखं' किंवा 'जणू', आहे ना, मग ही उपमाच, असं म्हणणारे तेव्हाही होते. जुना काव्यशास्त्रकार दंडी याने आपल्या 'काव्यादर्श' या ग्रंथात त्यांना चांगलंच घेतलंय. तो म्हणतो, क्रियापद हे उपमान होऊच शकत नाही, आणि तरी 'लिंपतो' हेच उपमान धरायचं असेल तर अंधार आणि ते यांच्यात समान धर्म कोणता ते सांगा. तुम्ही म्हणाल 'लिंपणं'. पण मग ज्याच्याशी तुलना करायची तेही लिंपणं आणि जो गुण समान तोही लिंपणंच, असं कसं? वेड न लागलेला माणूस असं बोलत नाही, असं त्याने खरंच लिहून ठेवलंय. मन्ये, शङ्के, ध्रुवम्, नूनम् या उत्प्रेक्षेच्या शब्दांच्या रांगेत त्याने 'इव'लाही बसवलं. म्हणजे एकच 'इव' दोन्हीकडे चालतो, तसंच आपलं 'सारखं'. शब्दाला जात नसते, त्याचं काम काय चाललंय ते बघायचं.

पण आता कुणी 'क्रियापद अधिक सारखं म्हणजे उत्प्रेक्षा' अशी नवी ट्रिक करू नका प्लीज. 'तो रडल्यासारखा दिसतोय' यात अलंकारच नाही, बोलणाऱ्याला खरंच तसं वाटतंय, डोळे लाल दिसले म्हणून साधा अंदाज केला. 'मला वाटतं उद्या सुट्टी आहे' यात 'वाटतं' आहे म्हणून उत्प्रेक्षा म्हणाल का? नाही ना. उत्प्रेक्षेत बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की हे असं नाहीये, तरी तो मुद्दाम तशी कल्पना करतो. आणि उलट बाजूने, 'त्याचं बोलणं गाणं म्हटल्यासारखं लयीत चालतं' इथे क्रिया असूनही मी उपमाच म्हणेन, कारण समान धर्म, लय, समोर हजर आहे. यावर कुणी वाद घातला तर घालू दे, माझं मत हेच.

उत्प्रेक्षेची खरी मजा तर जिथे उपमान शोधूनही सापडत नाही तिथे आहे. 'चंद्र ढगाआड गेला, जणू आपल्याकडे कुणी बघतंय म्हणून लाजला.' आता यात कशाची तुलना कशाशी? कशाचीच नाही, ढगाआड जाण्याचं एक कारण कल्पलंय. याला हेतूत्प्रेक्षा म्हणतात. 'पाऊस खिडकीपाशी थबकला, जणू आतलं बोलणं ऐकायला' इथे कारणाऐवजी उद्देश कल्पलाय, ती फलोत्प्रेक्षा. वस्तूत्प्रेक्षा हा तिसरा प्रकार, तुमचं वाक्य त्यात बसेल. शाळेत ही नावं लागत नाहीत, पण मुलाला ही दोन वाक्यं ऐकवा आणि उपमेय उपमान शोधायला लावा, तोच म्हणेल की इथे जमत नाहीये काहीतरी.

आणि तो अजून ऐकायच्या मूडमध्ये असेल तर अंधार आणि पांघरूण हीच जोडी घेऊन पुढे जा. 'अंधाराचं पांघरूण' म्हटलं की दोन्ही एकच झाले, रूपक. 'हा अंधार नाहीच, हे काळं पांघरूण आहे' म्हटलं की अंधार नाकारला, अपन्हुती. 'पांघरुणापेक्षाही अंधार जाड' म्हटलं की अंधार वरचढ ठरला, व्यतिरेक. आणि अंधार हा शब्दच गाळला, 'दिवा विझला आणि सगळ्यांवर एकच काळं पांघरूण पडलं', तर जुने शास्त्रकार त्याला अतिशयोक्ती म्हणतात. हो, अतिशयोक्तीच, आपण शाळेत जी फुगवून सांगण्याची अतिशयोक्ती शिकतो ती त्यांच्याकडे या नावाखालचा एक प्रकार झाला, अख्खी अतिशयोक्ती नव्हे. पण हे पेपरात लिहू नका, मार्क जातील.

मुलाने उत्तर लिहिताना नुसतं नाव न लिहिता 'अंधार पांघरूण टाकतो अशी कल्पना केली आहे' एवढी एक ओळ जोडली तर तपासणाऱ्यालाही कळेल की यादी पाठ करून लिहिलेलं नाही. आणि तो शब्द तेवढा नीट लिहायला सांगा, उत् + प्र + ईक्षा, वर नजर करून बघणं. वह्यांमधून 'उत्पेक्षा' इतक्यांदा वाचलंय की मलाही आता टाइप करताना एकदा थांबून बघावं लागतं.