ड्रोन आपोआप उडणार असतील, तर मुलीला सैन्याच्या एनडीए अकादमीच्या तयारीला घालावं का?

जरूर घाला. लढाऊ विमानासोबत ड्रोन फॉर्मेशनमध्ये, म्हणजे ठरावीक अंतर राखून रांगेत, उडायला लागले की पायलट कशाला लागेल, असं तुम्ही विचारलंय. आमचे दाजी माझ्या लेकीसमोर हेच म्हणाले होते.

परभणीकडं आमच्या सोयाबीनवर ड्रोनने फवारणी चालली होती. दाजी बांधावर उभे. ड्रोन आपल्या आपण तास धरून जातोय, वळतोय, हे बघून म्हणाले, "माणूस लागतोय का कुठं? पोरीला कशाला धाडता?" तेवढ्यात रिमोटचा सिग्नल तुटला. ड्रोन जागेवर थांबला, ठरलेल्या उंचीवर चढला आणि सरळ रेषेत परत निघाला. वाटेत विजेच्या तारा! सिग्नल परत येताच चालवणाऱ्या पोराने ड्रोनचा ताबा घेतला आणि अलीकडेच उतरवला. मशीनने नेमून दिलेलं काम केलं, तारा त्या पोराने बघितल्या. पोरगी हे सगळं बघत होती.

लढाऊ ड्रोनचं मशीन कितीतरी हुशार, पण प्रश्न तोच. लीडरची, म्हणजे पुढच्या विमानाची, जागा आणि वेग डेटा लिंकवरून (दोघांमधल्या रेडिओ जोडणीवरून) सतत घ्यायचा, अंतर राखायचं, त्याच्या पंखामागच्या हवेच्या भोवऱ्यात शिरायचं नाही, हे कॉम्प्युटरला जमतं. शत्रूने सिग्नल दाबून टाकले (जॅमिंग) आणि लिंक, जीपीएस दोन्ही गेले की खरी परीक्षा. बोइंगचा असा साथीदार ड्रोन, घोस्ट बॅट, २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात उडाला. आपल्या एचएएल या सरकारी विमान कंपनीने त्याच वर्षी बंगळुरूत कॅट्स वॉरियर या ड्रोनचं मॉडेल दाखवलं, तो तेजस लढाऊ विमानासोबत उडवायचा म्हणून. यात ड्रोन पुढं जाऊन रडार चालू करणार, पायलट मागं रडार बंद ठेवून लपलेला राहणार. क्षेपणास्त्र कुणावर सोडायचं, कधी माघारी वळायचं, हे त्यानेच ठरवायचं. काम वाढतंय त्याचं.

२०२२ मध्ये एनडीएत मुलींची पहिली तुकडी गेली, मे २०२५ मध्ये १७ जणी पास आउट झाल्या. एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी संस्था म्हणजे एसपीआय; संभाजीनगरची मुलांची. मुलींसाठीची नाशिकला आहे, ती बघा. हां, पायलटची मेडिकल कडक असते, डोळे आधीच तपासून घ्या. आणि पंचवीस वर्षांनी कॉकपिट किती उरतील, याची हमी मी देत नाही.

पण घरातलं कुणी ड्रोनचं नाव काढून पोरीला अडवत असेल, तर त्याला विचारा, स्वतःच्या मुलाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घातलं तेव्हा मशीनची भीती कुठं होती? दाजींना मी हे तोंडावर विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.