साताऱ्यात राहून मुंबईत शिडाची बोट घ्यावी का?

दादा, तुमचा मेल वाचला. कंपनीतून व्हीआरएस घेतली, हातात ३८ लाख आलेत, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, वहिनींची नोकरी चालू आहे, आणि तुम्हाला मुंबईत सेकंडहँड २७ फुटी सेलबोट १२ लाखाला मिळतेय. वर तुम्ही लिहिलंय की वारा फुकट असतो, खर्च तो काय!

वारा फुकटच आहे ओ, पण बाकी काहीच नाही. खाऱ्या पाण्यात उभ्या बोटीच्या बुडाला शेवाळ नि शिंपले चिकटतात, म्हणून वर्षातून एकदा तरी बाहेर काढून घासून अँटीफाउलिंग पेंट मारावा लागतो, शिडं उन्हानं कुजतात, डोलकाठी धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा साधारण दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्या लागतात, शिवाय मूरिंगचं म्हणजे बोट बांधून ठेवायच्या जागेचं भाडं, इन्शुरन्स, लक्ष ठेवायला माणूस, आणि बंदरात शिरताना लागतं ते डिझेल इंजिन वेगळंच. शर्यतीचा बैल पाळण्यासारखं आहे हे, पळो न पळो, खुराक रोजचाच. बोटवाले ढोबळमानाने किमतीच्या १० टक्के वर्षाला धरतात, जुनी बोट असेल तर मी जास्तच धरेन.

आता हिशोब बघा. देखभाल १ लाख २० हजार. हेच १२ लाख ७ टक्क्यांनी एफडीत असते तर ८४ हजार व्याज आलं असतं, ते गेलं. सातारा ते मुंबई जाऊन-येऊन ५०० किलोमीटर, डिझेल आणि टोल धरून फेरीला ५ हजार. जून ते सप्टेंबर पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर झाकून ठेवायची, म्हणजे राहिले आठ महिने. महिन्याला दोनदा गेलात तर १६ फेऱ्या, एकूण २ लाख ८४ हजार, म्हणजे एका वीकेंडला जवळपास १८ हजार! आणि लग्नं, परीक्षा, गावची जत्रा यात सहाच फेऱ्या झाल्या (माझ्या मते तेवढ्याच होतील) तर एकेक ३९ हजाराला पडते. बोट उभी राहिली तरी तिचा खर्च तेवढाच, म्हणून फेऱ्या जितक्या कमी तितकी एकेक महाग.

चांगल्या बाजूही आहेत, नाही कशाला म्हणू. फायबरग्लासचा सांगाडा नीट ठेवला तर तीस-चाळीस वर्षं टिकतो, आणि नवीन बोटीवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, त्यामुळे सेकंडहँड घ्यायचा विचार बरोबरच आहे. आतच झोपायची सोय, त्यामुळे मांडवा, मुरुडकडे गेलात तर हॉटेल लागत नाही. फक्त विकायला गेलात की गिऱ्हाईक पटकन सापडत नाही, म्हणून हे पैसे अडीअडचणीचे समजूच नका. कोयनेच्या बॅकवॉटरला ठेवू म्हणताय ते तर सोडाच, खाली कील (बोट उलटू नये म्हणून बुडाला असलेला जड पंखा) असलेल्या बोटीला खोल पाणी लागतं आणि मे महिन्यात तापोळ्याला पाणी कुठं जातं ते तुम्ही बघितलंयच की.

३८ मधले १२ म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा, एवढं एकट्यानं अडकवू नका असंच मी सांगेन. कंपनीचं मेडिक्लेम पण आता नसणार, आधी स्वतःची हेल्थ पॉलिसी काढा, मुलीच्या उरलेल्या दोन वर्षांची फी बाजूला ठेवा. मग मुंबईतच राहणारा एखादा पार्टनर बघा, अर्धे पैसे त्याचे, अर्धा खर्च त्याचा, आणि तुम्ही इकडं असताना बोटीवर नजरही त्याचीच. भागीदारी मात्र लिहून घ्या, कोण कधी नेणार, एकानं बाहेर पडायचं म्हटलं तर किंमत कशी ठरणार, सगळं. पर्सनल लोन अजिबात नको.

यंदाचा सीझन दुसऱ्याच्या बोटीवर क्रू म्हणून जा, वहिनींनाही एकदा न्या, त्यांना बोट लागते का ते तरी कळेल. तरीही हीच घ्यायची असेल तर टोकन द्यायच्या आधी बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हेयरला म्हणजे बोटी तपासणाऱ्या जाणकाराला दाखवा, मालकाला इंजिनाची आणि त्या तारांची बिलं मागा, आणि रिपोर्ट आला की मला पाठवा, मग किंमत किती पाडायची ते बोलू.