हेड उतरवण्याआधी: पहाटेचा पांढरा धूर आणि कमी होणारं कूलंट

भाऊ, तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून मला तरी हे हेड गॅसकेट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं झाकण म्हणजे हेड, यांमधलं सील) गेल्याचं वाटत नाही. निदान आठवडाभर तरी हेड उतरवायला होकार देऊ नका. गाडी म्हणजे बीएस-4 ट्रक, सहा सिलिंडर, ईजीआरवाला (थोडा एक्झॉस्ट कूलंटने गार करून पुन्हा इंजिनात सोडणारा). निफाडच्या थंडीत पहाटे चालू केली की पंधरा-वीस मिनिटं पांढरा धूर, डोळे झोंबतात. आठवड्याला लिटरभर कूलंट कमी होतं, पण गाडीखाली थेंब नाही. ऑइल साफ, गाडी तापत नाही. मिस्त्रीने धुराची आणि कूलंटची सांगड घातली आणि गॅसकेटवर बोट ठेवलं. माझ्या मते ही दोन वेगळी दुखणी आहेत. थंडीमुळे एकदम डोळ्यांवर आली, एवढंच.

आधी धूर. डोळे झोंबतात म्हणजे ते न जळलेलं डिझेल आहे. कूलंटची वाफ डोळ्यांना लागत नाही. तिला गोडसर वास असतो आणि इंजिन गरम झालं तरी ती थांबत नाही. खात्री करायची असेल तर सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर अंतरावर वर्तमानपत्राचा कागद मिनिटभर धरा आणि नंतर उन्हात ठेवा. पाण्याचा डाग वाळून जातो. डिझेलचा तेलकट डाग तसाच राहतो, कागद उजेडात धरला की आरपार दिसतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेटतं. पारा चार-पाच अंशांवर असला की ती उष्णता गार लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि हेड पिऊन टाकतात. त्यात बॅटरी मलूल असेल तर सेल्फ सावकाश फिरतो आणि दाब पुरेसा होत नाही. म्हणून सेल्फ मारताना बॅटऱ्यांवर मीटर लावा. 24 व्होल्टच्या गाडीत काटा 18-19 च्या खाली जात असेल तर आधी बॅटऱ्या, टर्मिनल आणि अर्थिंग बघा. इनटेक हीटर (आत येणारी हवा तापवणारा) असेल तर तो खरंच गरम होतो का तेही बघा. बऱ्याच गाड्यांत त्याची वायर कधीच कोणी तरी कापून ठेवलेली असते.

पण तुमच्या प्रश्नातलं खरं वाक्य शेवटी, जाता जाता आलंय: ‘उन्हाळ्यात गाडी तापत होती म्हणून थर्मोस्टॅट वॉल्व काढून टाकलाय.’ धुराचं निम्मं उत्तर इथेच आहे. हा वॉल्व साधारण 80-82 अंशांपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. तो काढला की पहिल्या मिनिटापासून रेडिएटर इंजिनाला गारच ठेवतो. धूर लांबतो, अ‍ॅव्हरेज पडतं, न जळलेलं डिझेल लायनरवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि मला तिचा मनापासून राग आहे. गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करा, फॅन बघा, वॉल्व काढू नका. आधी नवा वॉल्व बसवा आणि मग धूर किती मिनिटं राहतो ते मोजा.

तरीही धूर उरलाच तर डिझेल फवारणारं एखादं नोझल किंवा एखादा सिलिंडर मंद असेल. थंड इंजिन चालू होताच एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक पोर्टवर पाण्याचे थेंब शिंपडा. जिथे थेंब उशिरा वाळतो तो सिलिंडर कामचुकार. जुन्या पद्धतीने नोझलचे पाइप ढिले करून बघू नका. कॉमन रेलमध्ये (सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत) दाब हजार बारच्या वर जातो, ती धार कातडी फाडून आत शिरते.

आता कूलंट. गळती गाडी पूर्ण गार असतानाच शोधा. रबर आणि क्लिपा थंडीत आकसतात, पहाटे पाझरतात आणि गरम झाल्यावर पुन्हा बंद होतात. दुपारी गॅरेजला नेली की सगळं कोरडं. रात्रभर उभ्या गाडीला प्रेशर टेस्टर लावा, दाब रेडिएटरच्या कॅपवर लिहिलाय तेवढाच. मग होजचे (रबरी पाइपांचे) सांधे, वॉटर पंपाखालचं भोक, केबिन हीटरचे पाइप चाचपा. वाळलेल्या कूलंटचा रंगीत पापुद्रा दिसला तरी पुरे.

बाहेर काही सापडलं नाही तर माझा पहिला संशय ईजीआर कूलरवर. तो आतून चिरला की कूलंट सरळ एक्झॉस्टमध्ये जातं आणि वाफ होऊन उडतं, खाली थेंब पडणार कुठून? पाइप सोडून आत टॉर्च मारा. सगळीकडे काजळी आणि मधेच धुतल्यासारखा ओला पट्टा असेल तर चोर सापडला.

दुसरा संशयित बहुतेक जण विसरतात: ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर. त्याचं हेड कूलंटनेच गार होतं. त्याचं गॅसकेट गेलं तर हवा रेडिएटरमध्ये बुडबुडे काढते आणि मिस्त्री इंजिनाचं हेड उतरवतो. म्हणून बुडबुडे दिसले तर गाडीला अडणी लावून हवेच्या टाक्या रिकाम्या करा, ड्रेन उघडे ठेवूनच इंजिन चालू करा आणि पुन्हा बघा. बुडबुडे थांबले तर कॉम्प्रेसर. टाकीतून येणाऱ्या पाण्यात कूलंटचा रंग किंवा चिकटपणा असेल तरीही कॉम्प्रेसरच.

दोन्हीकडे काही नाही, बुडबुडेही थांबत नाहीत आणि गार इंजिन चालू केल्या केल्या वरचा होज दगडासारखा टणक होतो, तेव्हा गॅसकेटचं नाव घ्या. त्याआधीही रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावाची गॅस टेस्ट करून घ्या. डिझेल इंजिनाचा जळका गॅस असेल तर तो द्राव हिरवा पडतो.

दरम्यान वरून बोअरचं पाणी ओतू नका. खारट-जड पाण्याने लायनरला बाहेरून सुईसारखी भोकं पडतात आणि मग कूलंट ऑइल चेंबरमध्ये उतरतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घ्या. ते उणे 35 अंशांपर्यंत गोठत नाही, त्यामुळे पिंपळगावचा कांदा घेऊन जम्मूच्या पुढे गेलात तरी काळजी नाही. आणि एखाद्या पहाटे सेल्फ अर्ध्यात अडकल्यासारखा थांबला तर जोर लावून पुन्हा मारू नका. सिलिंडरमध्ये कूलंट साचलेलं असू शकतं, कनेक्टिंग रॉड वाकेल.

वॉल्व बसवल्यावर धूर किती मिनिटं राहिला आणि हवेच्या टाकीतून काय निघालं, एवढं कळवा. कूलरचं त्यानंतर बघू.