चुकलेल्या उत्तरापाशी थांब

पंचवटी, नाशिक

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

शाळेत रुजू होऊन वर्ष व्हायच्या आत मुख्याध्यापकांनी एन.एम.एम.एस. या शिष्यवृत्ती परीक्षेची जबाबदारी तुझ्यावर टाकली, हे वाचून मनापासून आनंद झाला. आठवीची बावीस मुलं, परीक्षेला अडीच महिने, आणि तुझा प्रश्न एकच: सर, सराव प्रश्नपत्रिका किती घेऊ? तीस घ्यायचा तुझा बेत आहे. मी म्हणेन, आठ घे. पण एकेक प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्यावर तिच्यापाशी तीन दिवस बस.

असं का म्हणतो ते सांगतो. एकदा संख्यामालिकेचा प्रश्न होता: 3, 8, 15, 24, पुढे काय? एका मुलानं 33 ला गोल केला. उत्तर 35. मी फुली मारून पुढे गेलो असतो, पण त्या दिवशी वेळ होता म्हणून विचारलं, "33 कसं आणलंस?" तो म्हणाला, "सर, 15 चे 24 झाले, म्हणजे 9 वाढले. मग परत 9." म्हणजे पोरानं अंदाज ठोकला नव्हता. त्यानं फरक काढला होता, पण फक्त शेवटचा. 5, 7, 9 हे तिन्ही फरक त्यानं एकाखाली एक लिहिले असते, तर पुढचा 11 त्याला आपोआप दिसला असता. मी त्याला एवढंच सांगितलं, की दोन आकड्यांच्या मधल्या जागेत खाली फरक लिहीत जा, सगळे लिहून झाल्याशिवाय पर्याय बघू नकोस. पुढे तो मालिकेत फारसा चुकला नाही. प्रश्नपत्रिका काढणारे पर्यायांत 33 मुद्दाम ठेवतात, कारण मुलं कुठे घसरतात हे त्यांना ठाऊक असतं. ते आपल्यालाही ठाऊक हवं, आणि ते मुलाच्या तोंडूनच कळतं. उत्तरसूची फळ्यावर लिहून गुण मोजायला लावलेस तर कळणार नाही.

म्हणून प्रत्येकाला एक वेगळी वही करायला सांग. चुकलेला प्रश्न, मी काय निवडलं, ते मला बरोबर का वाटलं. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. सुरुवातीला मुलं "घाई झाली" एवढंच लिहितील. मानू नकोस, शेजारी बसून विचार.

रचना तुला माहीत आहेच: बौद्धिक क्षमता चाचणीचे 90 प्रश्न, शालेय क्षमता चाचणीचे 90, दोन्हींना दीड-दीड तास. शालेयमध्ये विज्ञान 35, समाजशास्त्र 35 आणि गणित 20. सगळे शिक्षक गणितावर तुटून पडतात आणि समाजशास्त्राचे 35 गुण वाऱ्यावर सोडतात. तू तसं करू नकोस. सातवी-आठवीची पाठ्यपुस्तकं ओळ न ओळ वाचून घे, गाईड नंतर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न कोरा राहता कामा नये. मात्र ही सवलत पहिल्या दिवशी सांगू नकोस, नाहीतर मुलं विचार करायच्या आधीच गोल भरत सुटतात.

आता माझी एक चूक, जी अजून मनातून जात नाही. एका वर्षी मी गोल भरायच्या उत्तरपत्रिकेचा सराव घेतलाच नाही. वहीत उत्तरं लिहून घेत राहिलो. वर्गातली सगळ्यात तयारीची मुलगी परीक्षेत 41 वा प्रश्न सोडून पुढे गेली आणि 42 चं उत्तर 41 च्या रांगेत भरलं. तिथून पुढे सगळं एक घर सरकलं. 90 वा प्रश्न झाल्यावर एक रांग उरली तेव्हा तिच्या लक्षात आलं. बॉलपेननं भरलेले गोल, खोडायचे कसे? तिची निवड झाली नाही, आणि दोष तिचा नव्हता. तू पहिल्या दिवसापासून उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स वापर. दर दहा प्रश्नांनी प्रश्नाचा आकडा आणि रांगेचा आकडा बोट ठेवून ताडून बघायची सवय लाव.

पालकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेव. 40 टक्के मिळाले (अनुसूचित जाती-जमातींना 32) म्हणजे मूल पात्र ठरलं, निवड झाली असं नव्हे. राज्याचा कोटा 11,682 शिष्यवृत्त्यांचा, आणि तो जिल्हा नि प्रवर्गानुसार वाटलेला. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये. साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरात तेवढ्यानं वह्यापुस्तकांचा आणि कॉलेजच्या फीचा घोर मिटतो. पण अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, आणि मुलं दुसऱ्या शाळेत गेली की ते राहून जातं. निवडलेल्या मुलांची यादी तुझ्याकडे चार वर्षं जपून ठेव.

तुझ्याकडची खरी अडचण मात्र वेगळी आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागांत फेलफूट, म्हणजे घड नसलेली फूट, काढायला, मग घडांच्या विरळणीला घरची सगळी माणसं लागतात. पेठ-सुरगाण्याहून कामाला आलेल्या कुटुंबांची मुलं तर धाकट्या भावंडांना सांभाळत बागेतच असतात. नेमकी परीक्षेच्या आधीची तीच वेळ. गैरहजेरीवरून त्यांना रागावू नकोस, गं. एका पानावर दहा प्रश्न लिहून शेजारच्या मुलाबरोबर पाठव, आणि जमलं तर संध्याकाळी एखाद्या वस्तीवरच तासभर बस. बौद्धिक चाचणीतली लपलेली आकृती शोधायला वेलीवरची नेमकी फूट हेरणारी ही मुलं मला नेहमी तयार वाटली आहेत. त्यांना फक्त कागदाची सवय नसते.

पहिली प्रश्नपत्रिका झाली की रविवारी ये. दिंडोरीची एसटी नाक्यावर सोडते, मी तिथे उभा राहीन. गुणांची यादी नको. सगळ्यांच्या चुकांच्या वह्या घेऊन ये, जेवून झालं की दोघं मिळून एकेक उघडू.

तुझे,
सर