न्यूज म्हणजे चार दिशा नव्हेत

इंग्रजी शब्दांची मुळं शोधायला लागलास, झकास. फक्त 'न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ' हे क्लासमधलं पाठांतर आधी पुसून टाक. 'न्यूज' म्हणजे नव्या गोष्टी, 'न्यू'चंच अनेकवचन. आद्याक्षरं जुळवून कुणी जुन्या शब्दाची गोष्ट सांगितली, की ती बहुधा बंडल असते.

नाशिकचा आहेस, तर द्राक्षांपासून सुरू कर. 'विंटेज' म्हटलं की तुला जुनी गाडी आठवते, पण शब्द मुळात द्राक्षतोडणीचा. लॅटिन 'विंडेमिया', म्हणजे 'विनम' (वाइन) आणि 'डेमेरे' (काढून घेणं). तोडणीवरून त्या हंगामाची वाइन, मग चांगल्या वर्षाची जुनी, भारी वाइन. मोटारी 20व्या शतकात त्यात घुसल्या. केकमधला काळा, बारीक 'करंट', म्हणजे सुकवलेलं छोटं द्राक्ष, ग्रीसच्या कॉरिंथवरून आला. विजेचा करंट वेगळा, तो लॅटिनमधल्या धावण्याच्या क्रियापदातून.

उच्चार सारखा म्हणून नातं जोडू नकोस, आणि अर्थ लांबचे म्हणून तोडूही नकोस. गोदेचा काठ तोही 'बँक', पैशाची तीही 'बँक'. पैशाची इटालियनमधून आली, सराफाच्या बाकावरून. पण आणखी मागे गेलास तर दोघींचं जर्मानिक मूळ एकच निघतं.

सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन मूळ देणारा जाडजूड कोश माग. पहिला शब्द 'मंगूस' काढ, आपलं मुंगूसच ते. आणि हो, 'गूस'चं 'गीस' होतं म्हणून 'मंगीस' लिहू नकोस, 'मंगूसेस' लिही.